कमळ उमलल्याचा आवाज

किनुकोबाई बागेत शिरल्या की तिथला माळी आधी टोपी सावरायचा आणि मग पळवाट शोधायचा, असं गावात म्हणत. खरंखोटं त्या माळ्यालाच ठाऊक. जानेवारीत किल्ल्याच्या बागेत थंडीतल्या पिओनी फुलतात आणि बर्फानं जळू नयेत म्हणून एकेका रोपावर गवताची टोपी चढवलेली असते. बाकीचे लोक टोपीखाली वाकून बघतात, काय सुंदर म्हणतात, फाटकापाशी गरमागरम आमाझाके, तांदळाचं गोड पेय, पितात आणि घरी जातात. किनुकोबाई माळ्याला गाठून विचारणार, "टोपीचं तोंड दक्षिणेलाच का हो? वारा फिरला तर टोपी फिरवता का? कोण फिरवतं? आणि रविवारी कोण फिरवतं?"

माळी म्हणायचा, "रविवारी वारा फिरत नाही, बाईसाहेब." तेवढ्यानं त्या ऐकतात थोड्याच. पुढच्या रविवारी वारा बघायला हजर.

फेब्रुवारीत तेन्जिनच्या देवळात उमेची, म्हणजे आंबट जर्दाळूसारख्या फळझाडाची, फुलं येतात, तिथे पुजाऱ्याच्या मागे लागायचं की पांढरी आधी का फुलते आणि लाल मागून का. मे महिन्यात विस्टेरियाच्या मांडवाखाली मान वर करून उभं राहायचं आणि ही वेल उजवीकडून वळसे घेते की डावीकडून, यावर अनोळखी माणसाशी वाद घालायचा. जूनमध्ये डोंगरावरच्या देवळात हायड्रेंजिया. एकदा तिथल्या बाईंनी सांगितलं की मातीवर रंग ठरतो, लोखंड घालून बघा, निळी येईल. किनुकोबाईंनी घरी कुंडीत गंजके खिळे पुरले. फूल आलं ते निळंही नाही आणि गुलाबीही नाही, भांडी घासलेल्या पाण्याच्या रंगाचं. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट त्या खूश झाल्या, कारण आता त्या देवळातल्या बाईंना विचारायला नवीन प्रश्न मिळाला होता.

या सगळ्या फेऱ्यांत त्यांच्या दोन पावलं मागे तेत्सुजी असायचा, त्यांचा नवरा. खांद्याला पिशवी, पिशवीत आंबट उमे भरलेले भाताचे गोळे आणि बार्लीचा चहा. बायको प्रश्न विचारत असली की तो शांतपणे बाकावर बसून एक गोळा संपवायचा. त्याला ठाऊक असायचं की वेळ आहे.

आणि इतकं सगळं विचारणाऱ्या या बाईंनी जन्मात एक प्रश्न मात्र विचारला नाही. तो तेत्सुजीला विचारायचा होता. गेल्या हिवाळ्यात तेत्सुजी गेला आणि प्रश्न तसाच राहिला.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. बिवा तळ्याच्या पूर्वेला असलेल्या या गावात किनुकोबाईंच्या वडिलांचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. एकीकडे बायका, दुसरीकडे पुरुष आणि मधल्या उंच गल्ल्यावर किनुको. विशीतली पोर, पण कान असे की अख्ख्या गावात चर्चा. दाराबाहेर लाकडी चपला वाजल्या की पडदा बाजूला व्हायच्या आत ती नाव सांगायची. आतून बादली ठेवल्याचा आवाज आला की म्हणायची, आज सुताराच्या घरी भांडण झालंय. आणि झालेलं असायचं. तेत्सुजी न्हाणीघराच्या मागच्या बाजूला भट्टीवर होता. दिवसभर लाकडं घालायची, पाणी तापवायचं. घामानं निथळलेला तो पुढे यायचा तेव्हा ती त्याला तोंडभरून चिडवायची आणि तो कान खाजवत हसायचा.

गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी कमळांचं देऊळ आहे, आवारात कमळांचं छोटं तळं. जुलै संपता संपता एका पहाटे देवळाचं फाटक अंधारातच उघडतं आणि गावकरी तळ्याकाठी येऊन उभे राहतात, अवाक्षर न बोलता. कमळ उमलताना आवाज होतो, पोन् असा, असं लोक आजी-आजोबांकडून ऐकत आलेले. तो ऐकायला यायचं. मागे कधी तोक्योत कुणा विद्वानानं तळ्यात यंत्र लावून पाहिलं आणि आवाज बिवाज काही होत नाही असं जाहीर केलं. गावात ते वर्तमानपत्रातून समजलं. लोकांना त्या यंत्राची जरा कीव आली आणि पुढच्या जुलैला ते नेहमीसारखे पहाटे उठून आले.

आता यातली गोम अशी. निघताना देवळाचे मुख्य भिक्षू फाटकात उभे असतात आणि प्रत्येकाला विचारतात, "ऐकलंत?" यावर काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. "हो, कृपा झाली." नाही म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर आमटीत मीठ नाही म्हणण्यासारखं. त्यामुळे गावात आवाज न ऐकलेलं माणूसच नव्हतं.

त्या वर्षी किनुको आणि तेत्सुजी काठावर शेजारी शेजारी उभे होते, योगायोगानं. निदान तिला तेव्हा तसं वाटलं. समोर एक कळी थरथरली, एक पाकळी सुटली, मग दुसरी. किनुको श्वास रोखून उभी होती. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तेवढ्यात तेत्सुजीनं वळून हळूच विचारलं,

"आला ना आवाज?"

चपलेवरून माणूस ओळखणारी ती. नाही म्हणणार कशी? "हो, आला की," ती म्हणाली.

तेत्सुजीचा चेहरा उजळला. "मलाही," तो म्हणाला.

शरद ऋतूत त्यानं मागणी घातली. लग्नात वडीलधाऱ्यांसमोर त्यानं एकच वाक्य बोलायचं धाडस केलं, ते हे की आम्ही दोघांनी कमळ एकाच वेळी ऐकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. किनुकोनं मान खाली घातली आणि लोकांना वाटलं, नवरी लाजली.

त्यानंतर एकाही जुलैला ती पहाट चुकली नाही. किनुकोबाई जायच्या, कारण एकदा तरी आवाज खरोखर कानी पडला तर ते खोटं मागल्या तारखेनं खरं होईल, अशी त्यांची आशा. न्हाणीघर बंद पडलं, त्या जागी गाड्यांचा तळ झाला, मुलगी मिनाए ओसाकाला गेली, आणि हे दोघं तळ्याकाठी. दर वर्षी तेत्सुजी विचारायचा, "आला?" त्या म्हणायच्या, "आला." आणि मनात घोळत राहायचं: याला खरंच ऐकू येतं का? येत असेल तर आपण या भल्या माणसाला आयुष्यभर फसवलं. येत नसेल तर... त्यापुढे त्या जायच्या नाहीत. माळ्याला, पुजाऱ्याला, बसच्या वाहकाला विचारणाऱ्या बाईंची जीभ इथे टाळ्याला चिकटायची.

आणि आता ओबोन जवळ आलं होतं. ऑगस्टच्या मध्याला गेलेली माणसं घरी येतात, दाराशी दिवा लावून त्यांना आत घ्यायचं. तेत्सुजीचं हे पहिलंच ओबोन. किनुकोबाईंना त्याच्या येण्याची ओढ होती आणि धास्तीही होती. त्याच्यासमोर बसायचं ते काय तोंडानं? तो येण्याआधी, त्याला खरंच आवाज यायचा का, हे त्यांना कळायला हवं होतं.

त्यात कान. जूनमध्ये मिनाए आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, टीव्ही किती मोठा? शेजारचे घर विकून जातील."

"जाऊ देत. त्यांच्या जागी बाग करीन."

"डॉक्टरांकडे चल."

"मला काही झालेलं नाही. हल्ली लोकच पुटपुटतात."

मिनाएनं त्यांच्या पाठीमागे उभं राहून काहीतरी म्हटलं. किनुकोबाई चहा ओतत राहिल्या. मग मिनाए समोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी आत्ता म्हटलं, तुझ्या आवडीचे गोड मोची आणलेत. दोनदा म्हटलं." तांदळाच्या त्या गोड मोचीसाठी वळल्या नाहीत म्हणजे कान गेलेच, हे किनुकोबाईंनाही पटलं.

डॉक्टरांनी सांगितलं की बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. कानात घालायचं यंत्र मिळालं, चिमणीच्या अंड्याएवढं. किनुकोबाईंनी डॉक्टरांना अर्धा तास प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "यानं कमळ ऐकू येईल का?"

डॉक्टर तरुण होते, ओसाकात शिकलेले. "कमळाला आवाज नसतो, आजी."

"ते मला ठाऊक आहे," किनुकोबाई म्हणाल्या, "पण येईल का?"

जुलैच्या त्या पहाटे हाचियासान त्यांना न्यायला आले. हाचियासान म्हणजे तेत्सुजीचा जिवलग मित्र, जन्मभर मासे विकलेला माणूस. त्यांच्या हाताला अजून मॅकरलचा वास येतो असं त्यांची सून म्हणते आणि ते अभिमानानं सांगतात. तेत्सुजी शेवटी दवाखान्यात होता तेव्हा रोज संध्याकाळी त्याच्या उशाशी हेच बसायचे. वाटेत ते तळ्यातल्या माशांबद्दल, सुनेबद्दल, पंतप्रधानांबद्दल बोलत होते. एवढ्या लांबच्या वाटेत किनुकोबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही तेव्हा हाचियासान थांबले.

"वहिनी, तब्येत बरी आहे ना?"

"कानात यंत्र आहे. सवय करतेय."

खरं सांगायचं तर त्या यंत्रानं त्यांची करमणूक चालली होती. किती वर्षांनी जग इतकं गडबड करत होतं. फाटकातून आत जाताना खडीचा चुरचुर आवाज, कुणाच्या तरी गुडघ्यांचा, मग कुणाच्या तरी पोटाचा. औषधवाल्याच्या बायकोनं आवंढा गिळला तोही आला. तळ्याकाठी माणसांची रांग उभी राहिली आणि सगळे चिडीचूप झाले, तरी पाण्यातला मासा उलटला, पानावरचं दव घरंगळलं, वर डोंगरात कुठेतरी कोकिळा ओरडली. किनुकोबाई अगदी पुढे जाऊन वाकल्या. हातभर अंतरावर एक कळी होती, आज उमलणार अशी, टोकाला गुलाबी.

उजाडू लागलं. कळीच्या अंगात शिरशिरी आल्यासारखं झालं. बाहेरची पाकळी सुटली. किनुकोबाईंनी एका हातानं यंत्र कानात घट्ट दाबलं. दुसरी पाकळी. तिसरी. आतला पिवळा झुबका दिसू लागला, वास आला, आणि फूल त्यांच्या डोळ्यांदेखत पुरतं उघडलं. कुठलाही आवाज झाला नाही.

तेवढ्यात डाव्या बाजूला टप् झालं. त्या चटकन वळल्या. तीन-चार दिवसांपूर्वीच्या एका फुलाची पाकळी गळून पानावर पडली होती. होडीसारखी ती पानावर जरा डुलली आणि थांबली. म्हणजे गळताना आवाज होतो. किनुकोबाईंनी हे मनात टिपून ठेवलं. पुढेमागे कुणाला तरी विचारायला उपयोगी पडणार होतं.

"ऐकलं?" हाचियासान कुजबुजले. तेत्सुजी विचारायचा तसंच, सवयीनं. गेली कित्येक वर्षं ते तिघं एका ओळीत उभे राहत आले होते.

"नाही," किनुकोबाई म्हणाल्या.

रांगेतली दोन-तीन डोकी वळली. औषधवाल्याच्या बायकोनं त्यांच्या कानाकडे पाहिलं, मान कनवाळूपणे हलवली आणि परत पाण्याकडे बघू लागली. बिचारी, यंत्र बरोबर बसलेलं नाही. गावापुरता विषय तिथे संपला.

हाचियासान मात्र बघतच राहिले. ते त्यांचा हात धरून त्यांना मागे, पाइनच्या झाडाखाली घेऊन गेले. तिथे भिक्षूंचा शिष्य कमळाची मोठी पानं लांब देठासकट घेऊन बसला होता. पानाच्या मध्यभागी सुईनं भोकं पाडायची, वर साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायची आणि खालून देठाच्या टोकाला तोंड लावून ओढायची. या दिवशी हे प्यायचंच असतं. हाचियासाननी किनुकोबाईंच्या हातात देठ दिला आणि पानावर साके ओतवली.

किनुकोबाईंनी देठ तोंडाला लावला नाही. "हाचियासान, एक विचारू?"

"वहिनी, तुम्ही आजपर्यंत मला न विचारता काय ठेवलंय? खेकडा तिरका का चालतो तेही विचारलंत."

"यांना ऐकू यायचं का?"

पानावरची साके थेंबाथेंबानं देठातून टपकून किनुकोबाईंच्या बाहीवर पडत होती.

"दवाखान्यात तो मला म्हणाला होता," हाचियासान म्हणाले. "म्हणाला, ती तुला एक दिवस विचारील. विचारलं तर सांग. नाही विचारलं तर तोंड मिटून बस. मी म्हटलं, ती आणि न विचारणार? तर म्हणाला, हेच ती विचारत नाही रे. इतकी वर्षं मी वाट बघतोय."

"काय सांगायला सांगितलं?"

"की ऐकू यायचं नाही. एकदाही नाही. त्या पहिल्या पहाटेसुद्धा नाही." हाचियासान म्हणाले. "भट्टीच्या ढणढणाटानं कान तेव्हाच गेले होते त्याचे. अर्धेमुर्धे. आवाज सगळ्यांना येतो, आपल्यालाच येत नाही, असं वाटायचं त्याला. त्या दिवशी तुमच्या शेजारी मुद्दाम उभा राहिला. गल्ल्यावरच्या पोरीचे कान सगळ्या गावात तेज, तिला आला तर आला म्हणायचं. तुम्ही हो म्हणालात. मग त्यानं हो म्हटलं."

किनुकोबाईंनी ठिबकणारा देठ बाहीपासून दूर धरला.

"आणि त्या दिवसापासून," हाचियासान म्हणाले, "दर उन्हाळ्यात माझ्या दारात. चल हाचिया, या वर्षी तरी ऐकलंच पाहिजे. मी म्हणायचो, झोपू दे की. तर म्हणायचा, बायकोशी खोटं बोललोय. एकदा ऐकू आलं की फिटलं."

किनुकोबाईंना आधी हसू आलं. ते दाबायला त्यांनी देठ तोंडात घातला आणि साके ओढली. कडवट, हिरव्या वासाची ती साके नको त्या नळीत गेली आणि मग त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते ठसक्याचं किती आणि कशाचं किती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. अख्खी रांग आता त्यांच्याकडे बघत होती.

"हाचियासान," त्या सावरून म्हणाल्या, "मलाही नाही."

"काय नाही?"

"मलाही कधी ऐकू आलं नाही. त्याही दिवशी."

हाचियासाननी बोटांवर वर्षं मोजायला घेतली आणि सोडून दिली. मग ते हळूहळू म्हणाले, "म्हणजे तुम्हा दोघांच्या पायी मी एवढी वर्षं अंधारात उठून इथं येत राहिलो. आणि मला वाटायचं, मासे ओरडून ओरडून विकले म्हणून माझेच कान गेले."

निघताना फाटकात भिक्षू उभे होते. "ऐकलंत?" त्यांनी विचारलं. हाचियासान नम्रपणे वाकले आणि म्हणाले, "हो, कृपा झाली." मग किनुकोबाईंकडे वळून हळूच, "आता या वयात कुणाला कशाला दुखवायचं."

किनुकोबाईही वाकल्या. पण त्या म्हणाल्या, "ऐकायला हवं होतं ते ऐकलं." भिक्षूंना त्यात वावगं काही वाटलं नाही.

ओबोनच्या दिवशी मिनाए आली. दोघींनी दाराशी दिवा लावला. काकडीला काड्यांचे चार पाय लावून तिचा घोडा केला, वांग्याची गाय केली. येताना माणसानं घोड्यावरून लवकर यावं, जाताना गाईवरून सावकाश जावं, म्हणून. किनुकोबाईंनी या खेपेला काकडी बरीच शोधून आणली होती, लवकर पोचवणाऱ्या घोड्याला शोभेलशी. मिनाए आत भाजी चिरत होती तेव्हा त्या देव्हाऱ्यासमोर गुडघे मोडून बसल्या. तेत्सुजीचा फोटो, शेजारी एक वाटी भात, चहा, आणि उमे भरलेला भाताचा एक गोळा.

त्यांनी वाटीच्या आकाराची पितळी घंटा काठीनं वाजवली. गेली काही वर्षं तो नाद त्यांना लगेच संपल्यासारखा वाटायचा. आता यंत्रातून तो बराच वेळ येत राहिला, बारीक होत होत, आणि त्या तो संपेपर्यंत थांबल्या. मग हात जोडून पुढे वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मलाही नाही आला."

आतून मिनाएनं विचारलं, "आई, कुणाशी बोलतेस?"

"तुझ्या बाबांशी. तू भाजी चिर. आम्हाला अजून वेळ आहे."